आवट्यांचा मांडीवरचा कॉम्प्युटर

आवटे कुणाच्याही घरी कॉम्प्युटर बघायला गेले, की आधी त्याचा ताप बघायचे. चपला दाराबाहेर, मनगटावरचं घड्याळ खिशात, आणि उजव्या हाताचा तळवा कॉम्प्युटरच्या पाठीवर. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. घरातली माणसंही मग श्वास धरून उभी.

"कणकण आहे," ते म्हणायचे. "भिंतीपासून जरा पुढं ओढा. वारा लागू दे."

नाहीतर, "ठणठणीत आहे. चहा चालेल."

हा चहा कॉम्प्युटरला नव्हे, त्यांना चालणार आहे, हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात यायचं नाही. मग आवटे खुर्चीत टेकून वाट बघत बसायचे.

आवटे आमच्या ऑफिसात आरेखक होते, म्हणजे ड्राफ्ट्समन. कालव्यांचे, मोऱ्यांचे, छोट्या पुलांचे नकाशे काढायचे. मी, कदमबाई, त्याच ऑफिसात टायपिस्ट. आवट्यांचं वय पन्नाशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, सांगलीच्या गावभागात माडीवरच्या एका खोलीत राहायचे. उंच, किडकिडीत. ड्रॉइंगच्या टेबलावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला, त्यामुळं सरळ उभे असले तरी ते आपल्याला काही विचारायला वाकलेत असं वाटायचं. आणि बहुतेक वेळा ते विचारतच असायचे.

"रॅम किती?"

ऑफिसात नवा माणूस आला, नवीन पंखा आला, कुणाच्या भाच्याला स्थळ सांगून आलं, आवट्यांचा प्रश्न एकच. आमच्या पाटीलसाहेबांबद्दल त्यांचं मत होतं, की डोकं चांगलं आहे, पण रॅम कमी. एका वेळी एकच फाईल उघडते. हे मत साहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा साहेबांना तो आपला गौरव वाटला.

ते दिवस आज सांगून खरे वाटणार नाहीत. सांगलीत घरात कॉम्प्युटर येणं म्हणजे जावई येण्यासारखं होतं. खोली रंगवायची, पडदे बदलायचे, त्याच्यासाठी वेगळं टेबल करून घ्यायचं. आल्यावर नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, पेटीवर स्वस्तिक काढायचं. घरातल्या सुनेनं त्याला क्रोशाचं झाकण विणायचं. गल्लीतली माणसं बघायला यायची आणि लांबूनच बघून जायची. आणि हे सगळं झाल्यावर त्याचं करायचं काय, हे कुणालाच नीट ठाऊक नसायचं. आवट्यांना ठाऊक होतं. त्यावर खेळायचं.

"मशीनचा कस खेळात लागतो," ते सांगायचे. "हिशेब काय, पाटीवरसुद्धा होतो. पत्र काय, कदमबाई टाइप करून देतात. पण वळणावर गाडी घातली, समोरनं दुसरी आली, मागं डोंगर सरकतोय, वर ढग चाललेत, हे सगळं एकदम दाखवायला मशीनला घाम फुटतो. जे खेळाला पुरलं ते कशालाही पुरलं."

म्हणून त्यांच्या कंपासपेटीत, विभाजक आणि कोनमापकाच्या शेजारी, एक फ्लॉपी असायची. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला, की आवटे फ्लॉपी घेऊन दुकानात बरोबर जायचे. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला हिशेबासाठी मशीन हवं होतं. आवट्यांनी दुकानदाराला तिथंच गाडी पळवून दाखवायला लावली. पहिल्या मशीनवर गाडी अडखळली, दुसऱ्यावर अडखळली, तिसऱ्यावर सरळ धावली. "हे घ्या," आवटे म्हणाले. व्यापाऱ्यानं घेतलं. पुढं त्या मशीनच्या बटणांत हळद बसून ती पिवळीधमक झाली, पण मशीन काही थांबलं नाही. आवटे दर पंधरवड्याला जाऊन ताप बघायचे आणि जरा गाडी चालवून यायचे. व्यापारी म्हणायचा, आमच्या घरी डॉक्टर इतक्यांदा येत नाही.

अशी त्यांनी सांगलीत कितीतरी घरांना मशीनं निवडून दिली. एक दाताचे डॉक्टर, एक सराफ, एक बँकेतले गृहस्थ, शंभर फुटी रोडवरचा एक गॅरेजवाला. स्वतःकडं मात्र नव्हतं.

कारण त्यांना साधा कॉम्प्युटर नको होता. लॅपटॉप हवा होता. त्याला ते मांडीवरचा म्हणायचे.

"जन्मभर टेबलावर वाकलो, कदमबाई," ते मला म्हणायचे. "आता जे काय करायचं ते पाय पसरून, भिंतीला टेकून."

त्यांच्या अटी तीन. मांडीवर मावला पाहिजे, नवा खेळ चालला पाहिजे आणि परवडला पाहिजे. त्या काळात लॅपटॉप म्हणजे विमानातून फिरणाऱ्या साहेबांची वस्तू. जो परवडेल त्यावर खेळ चालायचा नाही, ज्यावर खेळ चालेल त्याच्या किमतीत गावाकडं जमीन आली असती. तरी आवटे हटले नाहीत. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईनं एक आलेख काढला आणि टेबलामागच्या भिंतीला लावला. एक रेघ वरून खाली येणारी, ती लॅपटॉपच्या किमतीची. एक रेघ खालून वर जाणारी, ती खेळांच्या भुकेची. वाचनालयातली इंग्रजी मासिकं बघून ते दर महिन्याला दोन्ही रेघा थोड्या थोड्या पुढं न्यायचे. इतका सुबक आलेख आमच्या ऑफिसातनं एकाही धरणाचा गेला नसेल.

"घ्या की आता," आम्ही म्हणायचो.

"पडतील," आवटे म्हणायचे. म्हणजे किमती पडतील. "दिवाळीनंतर पडतील." दिवाळीनंतर म्हणायचे, "मार्चनंतर पडतील." एकदा पाटीलसाहेब जिना उतरत होते आणि मागनं आवट्यांचा आवाज आला, "पडतील, पडतील, नक्की पडतील." साहेब कठडा धरून उभेच राहिले.

लॅपटॉप बघायला ते कुठंही जायचे. लोणंदच्या एका कांदा व्यापाऱ्याकडं लॅपटॉप आहे, अशी बातमी त्यांना कुणीतरी दिली. आवटे रविवारी मिरजेहून पॅसेंजरनं लोणंदला गेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कंपासपेटी. व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन उभे राहिले.

"कुनीकडनं आला, सायेब?"

"सांगलीहून. तुमच्याकडं एक मशीन आहे असं कळलं. आत काय काय आहे ते बघायचंय."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. "मशीन? कसलं मशीन? आमी कांदंवाली मानसं."

"लपवू नका हो. मी फक्त बघून जाणार. कुणाला काही सांगणार नाही."

"सायेब," व्यापारी उठलाच, "आदी जेवून घ्या."

आवट्यांना वाटलं, लोणंदची माणसं फार अगत्याची. त्यांना ताट वाढलं, वर साजूक तुपातला शिरा झाला. हात धुतल्यावर व्यापारी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "त्यो माजा न्हाई, सायेब. मेव्हन्याचा हाय. अन् त्यातलं हिशेबबी मेव्हन्याचंच हायती. माजा काय संबंद न्हाई."

"हिशेब राहू द्यात," आवटे म्हणाले. "यात गाडीचा खेळ चालतो का?"

व्यापारी बराच वेळ त्यांच्याकडं नुसता बघत राहिला. मग जो हसत सुटला, तो त्याला खाली बसवावं लागलं. इन्कम टॅक्सवाला नाही म्हटल्यावर त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. दुपारभर कांद्याच्या पोत्यांवर बसून आवटे, व्यापारी आणि हमाल आळीपाळीनं गाडी चालवत होते. परतीची गाडी चुकली. सोमवारी आवटे ऑफिसात आले ते कांद्याची पिशवी घेऊन. टेबलाटेबलावर कांदे वाटले.

"मशीन कसं होतं?" मी विचारलं.

"रॅम कमी," ते म्हणाले. "पण माणूस मोकळा."

आमच्या घरचा कॉम्प्युटरही त्यांनीच निवडून दिला. मुलगी सुप्रिया बारावीला होती, तिच्यासाठी घेतला. वर्षभरात तिला पुण्याला प्रवेश मिळाला, ती हॉस्टेलवर गेली, आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये झाकणाखाली राहिला. दर रविवारी सकाळी आवटे त्याला बघायला यायचे. आमचे हे गणिताचे मास्तर, रविवारी त्यांच्या जादा तासांना पोरं. मी आठवड्याच्या धुण्यात. त्यामुळं हॉलमध्ये आवटे आणि आमच्या आत्याबाई एवढेच.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या म्हसवडच्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना सांगलीला आणलं. पण त्यांचं इथं मन लागेना. गावी दारात बसलं की जाणारं येणारं माणूस दोन शब्द बोलून जातं. इथं आमच्या पहिल्या मजल्यावर दार उघडलं की समोर जिन्याची भिंत. त्या दिवाणावर बसून दिवस काढायच्या. रविवारी मात्र सकाळपासून पदर सारखा करून तयार असायच्या. आवटे कॉम्प्युटरसमोर बसले, की या मागनं सुरू.

"आवं डावीकडं घ्या! डावीकडं! बघताय काय!"

"घेतली, मावशी."

"म्हस! म्हस आडवी आली, म्हस!"

त्या खेळात परदेशातले रस्ते होते. म्हैस काही नव्हती. पण आवटे करकचून वळवायचे, गाडी कठड्यावर आपटायची आणि मागच्या सगळ्या गाड्या भर्रकन पुढं निघून जायच्या.

"वाचली," आवटे म्हणायचे.

"वाचली माय," आत्याबाई म्हणायच्या, आणि दोघं चहा घ्यायचे. शर्यतीत आवटे कायम शेवटचे. आतनं मला वाटायचं, बरं आहे, या दोघांचं छान चाललंय. त्यापुढं मी काही विचार केला नाही. दोन बादल्या धुणं पुढ्यात असताना माणूस फार खोलात जात नाही.

माझा भाऊ शिरवळला एका कारखान्यात होता. एक दिवस त्याचा फोन आला. कारखान्यातल्या साहेबांना नवे लॅपटॉप मिळाले होते आणि जुने कामगारांना अगदी थोडक्या पैशांत देऊन टाकत होते. रंगीत पडदा, बॅटरी नवी, चांगला जपलेला. "तुझ्या त्या आवट्यांना विचार," भाऊ म्हणाला. मी विचारायच्या भानगडीत पडलेच नाही. घेऊनच ये म्हटलं.

भाऊ लॅपटॉप घेऊन आला त्या दिवशी सगळं ऑफिस आवट्यांच्या टेबलाभोवती गोळा झालं. शिपायांपासून पाटीलसाहेबांपर्यंत. मला वाटलं होतं, आवटे हरखून जातील. ते जरा पांढरेच पडले. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. मावला. पाठीला हात लावून डोळे मिटले. बराच वेळ मिटले.

"बिजागरी सैल वाटते," ते म्हणाले.

"स्क्रू पिळला की घट्ट हुतीय," भाऊ म्हणाला, आणि खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढून पिळून दाखवली.

"बटणं जरा घट्ट आहेत."

"वापरली की सैल हुत्यात."

मग आवट्यांनी कंपासपेटी उघडली, फ्लॉपी घातली. गाडी सुरू झाली. डोंगर सरकले, ढग सरकले. गाडी कुठंही अडखळली नाही. भावानं मग एक नवा खेळ लावला, तोही चालला. शेवटी भावानं किंमत सांगितली. आवट्यांनी मागं वळून आलेखाकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. किंमत त्यांच्या रेघेच्या कितीतरी खाली होती.

"पड..." आवट्यांनी तोंड उघडलं.

"आवटे!" सगळं ऑफिस एका सुरात ओरडलं.

घेतला त्यांनी. दुसरं काय करणार? शिपायानं पेढे आणले. पाटीलसाहेबांनी चार शब्द बोलून घेतले. संध्याकाळी आवटे घरी निघाले तेव्हा तो लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, दुसऱ्याचं तान्हं मूल घेऊन चालल्यासारखा. आम्ही गॅलरीतनं टाळ्या वाजवल्या. त्यांनी मागं बघितलं नाही.

त्या रविवारी ते आले नाहीत. मला वाटलं, नवलाई आहे, घरी बसले असतील खेळत. पुढच्याही रविवारी आले नाहीत. ऑफिसात यायचे, मान खाली घालून नकाशे काढायचे. कसा चाललाय लॅपटॉप, म्हटलं की "उत्तम." भिंतीवरचा आलेख त्यांनी काढून टाकला होता. एकदा बाजारात हळदीचा व्यापारी भेटला, तो म्हणाला, "बाई, तुमचे आवटे आजारी आहेत का? आमच्याकडं यायचेच बंद झाले." दाताच्या डॉक्टरांच्या बायकोनंही तेच विचारलं.  माणसाला एवढ्या वर्षांनी हवं ते मिळालं, तर त्याचा आनंद चेहऱ्यावर दिसायला नको?

घरी आत्याबाई दर रविवारी सकाळी तयार होऊन बसायच्या आणि दुपारी न बोलता भाकरी खायच्या. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच.

"आवटं का येईनात?"

"आता त्यांच्या घरीच कॉम्प्युटर आहे ना, आत्या."

"मंग? घरात चूल असली म्हंजे मानूस दुसऱ्याकडं जेवाय जात न्हाई व्हय? चल, मला घिऊन चल."

आम्ही रिक्षा करून गावभागात गेलो. लाकडी जिना अंधारा होता. आत्याबाई भिंत चाचपत, माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी चढल्या. वयामुळं असेल, असं मला वाटलं.

आवट्यांनी दार उघडलं आणि ते गोंधळलेच. खोली लख्ख. एक कॉट, एक खुर्ची, खिडकीशी ड्रॉइंगचं जुनं टेबल, भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो. स्टुलावर लॅपटॉप, त्याच्यावर घडी केलेली शाल. आत्याबाईंना त्यांनी खुर्ची दिली, मला कॉटवर बसवलं, आणि मग स्वतः कुठं बसायचं ते न कळून उभेच राहिले. चहा ठेवला. कप एकच होता, म्हणून खालच्या बिऱ्हाडातनं दोन मागून आणले.

"लावा की गाडी," आत्याबाई म्हणाल्या.

"लावतो कधीमधी."

"कधीमधी म्हंजी?"

"आणल्यावर एकदा लावली होती," आवटे म्हणाले. "चांगली चालली. पहिला आलो."

हे त्यांनी हरल्यासारखं सांगितलं. चहा गाळताना ते आमच्याकडं पाठ करून होते. तसंच बोलले.

"बाई, तुम्ही सगळ्यांनी एवढ्या प्रेमानं केलंत, म्हणून बोललो नाही. मला घ्यायचा नव्हताच कधी. बघायला जायचं होतं."



"आई होती तोवर ठीक होतं. ती गेली आणि रविवार फार मोठा व्हायला लागला. कुणाकडं जावं म्हटलं, तर नुसतं कसं जायचं? लोक विचारतात, काय काम काढलंत? काम नसलं की मग उभ्या उभ्या परत यायचं. एकदा त्या हळदवाल्यांकडं कॉम्प्युटर बघायला म्हणून गेलो. कुणी काही विचारलं नाही. खुर्ची दिली, चहा दिला. पुढच्या वेळी कधी येता म्हणाले." त्यांनी कप आमच्यासमोर ठेवले. "आता घरात मशीन असताना दुसऱ्याचं मशीन बघायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

खालच्या रस्त्यावरनं भंगारवाला ओरडत गेला. आत्याबाईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"आवटं," त्या म्हणाल्या, "तुमी काय मशीन बघाय येत हुता? आन् म्या काय बघत हुते? मला त्यातलं कायबी दिसत न्हाई."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई. वरीस झालं असंल. समदं धुकं. तुला सांगितलं असतं तर डाक्टर, आपरेशन, पोराच्या मागं यवढा ताप. म्हनून न्हाई सांगितलं." मग आवट्यांकडं तोंड करून म्हणाल्या, "तुमी खुर्चीत डाव्या अंगाला कललं, की म्या डावीकडं वरडायची. तुमची पाठ तेवडी दिसायची, काळी काळी."

"आणि म्हैस?" मला राहवेना.

"म्हस मनातली. रस्ता म्हनल्यावं म्हस येनारच की."

आवटे म्हणाले, "म्हैस नव्हती हे मला दिसत होतं, मावशी."

"मंग वळवायचा कशापायी?"

"तुम्ही म्हणायचात म्हणून."

आत्याबाई हसल्या. मग पदरानं डोळे पुसले. आवट्यांनी स्टूल ओढलं, लॅपटॉप काढून कॉटवर ठेवला आणि त्या स्टुलावर पहिल्यांदा नीट बसले. "मोतीबिंदू असणार," ते म्हणाले. "उद्या दाखवायचं. मिरजेत दाखवायचं. यात हयगय नको."

आत्याबाई ऑपरेशनला तयार होईनात. आमच्या ह्यांनी सांगून बघितलं, सुप्रियानं पुण्याहून फोन केला. शेवटी एका अटीवर कबूल झाल्या. आवटं संगं असलं पाहिजेत. आवट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग रजा टाकली. पाटीलसाहेबांनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "घरचं आजारपण आहे." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी टाइप करत राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून मी दुपारी मिरजेला गेले. बायकांच्या वॉर्डात भेटीची वेळ होती, पण कुणाकडं फारसं कुणी आलेलं नव्हतं. दारातनंच मला आवट्यांची वाकलेली पाठ दिसली. आत्याबाईंच्या कॉटशेजारी लोखंडी खुर्चीत बसले होते, लॅपटॉप मांडीवर. आत्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा मिटलेला. आजूबाजूच्या कॉटवरच्या बायकाही कान देऊन होत्या. नर्सनं आवाज बंद करायला लावलेला दिसत होता, कारण इंजिनचा आवाज आवटे तोंडानंच काढत होते, अगदी हळू.

मी दारातच थांबले.

"आता कुटं आलो?" आत्याबाईंनी विचारलं.

"तासगाव मागं पडलं. दोन्ही बाजूला द्राक्षाच्या बागा आहेत. घड भरलेत."

"विटं?"

"येईल आता. चढ आहे. गाडी दुसऱ्या गिअरात घातलीय."

"दमानं घ्या. घाई न्हाई."

विटं मागं पडल्यावर पलीकडच्या कॉटवरची एक म्हातारी म्हणाली, "आवं, खानापुरात जरा थांबवा की. आमचं घर हाय तितं. सडकंलाच हाय."

"थांबवली, आक्का. उतरा."

वॉर्डात हसू पिकलं. म्हातारीही हसली, आणि मग कुशीवर वळली. आवट्यांनी खरंच गाडी थोडा वेळ थांबवली आणि मग पुन्हा सुरू केली. पडद्यावर बाकीच्या गाड्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. आवटे अगदी सावकाश, रस्त्याच्या डाव्या कडेनं चालले होते. आटपाडी आली. मग दिघंची. दिघंचीच्या पुढं आत्याबाईच सांगू लागल्या. हितं वड हाय. हितं आमच्या मालकांची सायकल पंक्चर झाली हुती. आता माणगंगा यील, पानी असायचं न्हाई, वाळू असंल. आवटे प्रत्येकाला हो म्हणत होते.

"म्हसवड आलं न्हवं? कळस दिसाय लागला का सिद्धनाथाचा?"

आवट्यांनी पडद्याकडं बघितलं. मलाही तिथनं दिसत होतं. लांबच लांब डांबरी रस्ता, दोन्ही बाजूला ओळखीची नसलेली उंच झाडं, आणि मागं निळा डोंगर.

"लागला दिसायला," ते म्हणाले.

आत्याबाईंनी चाचपून पदर डोक्यावरनं घेतला आणि हात जोडले. "म्या जाऊन येते आत," त्या म्हणाल्या.

आवट्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोन्ही हात मशीनवरून काढून घेतले.

"सावकाश या, मावशी," ते म्हणाले. "मी इथंच आहे."